नदीसाठी कोरी सोडलेली जागा

जयतीर्थकाका म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे चुलते. जन्मभर त्यांनी पाण्यात कालवलेल्या रंगांनी डोंगर, तळी आणि आभाळ काढलं. त्यांच्या चित्रात माणूस आलाच तर इतका लहान, की तो बाई आहे की बुवा हे काकांनाच विचारावं लागे. मी या घरात आले तेव्हा आम्ही सगळे धारवाडला एकत्र राहायचो आणि ते तिथल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि वेणूकाकू गेल्यापासून आमच्याजवळ, धारवाडबाहेर रायापूरला राहतात. इतकी वर्षं त्यांना जेवायला वाढलं, पण ते नेमकं काय करत होते हे मला कळलं असं म्हणवत नाही. मठातल्या त्या दिवसानंतर तर जे थोडं कळलं होतं तेही डळमळलं. रोजच्या वहीत मी त्या त्या दिवशीचं लिहून ठेवलेलं आहे, पण ते सगळं तुकड्यांत आहे. सलग लिहिल्यावर तरी अर्थ लागतो का ते बघावं म्हणून बसले आहे.

काका धारवाडच्या मालमड्डीत वाढले. वडील एका वकिलांकडे कारकून, घरात एकादशी निर्जळी, आणि मुलानं एकतर वैदिकी शिकावी नाहीतर कचेरीत लागावं असा सरळ हिशेब. काका शाळेत वहीच्या मागच्या पानांवर आभाळ काढत बसायचे. ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, पास झाले, मास्तरकीची नोकरी मिळाली, त्यामुळे घरच्यांनी आभाळ माफ केलं.

धारवाडच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत साहेबांच्या वेळचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात विलायतेतल्या जुन्या चित्रांचे छाप. ते पुस्तक घरी नेऊ देत नसत. काका तिथंच बसून बघायचे. त्यातून त्यांनी जे काही उचललं ते आम्हाला जेवताना सांगायचे. दोनअडीचशे वर्षांपूर्वी तिकडचे चित्रकार म्हणे आधी करड्या शाईनं सगळी सावली घालून घेत आणि मग वरून नावाला रंग फिरवत. पुढं काही गरिबाघरची पोरं निघाली. छापील चित्रांवर हातानं रंग भरून पोट भरणारी पोरं. त्यांनी ती करडी शाई सोडून दिली आणि रंगाचं पाणीच थेट कागदावर सोडलं. डोंगरावर पाऊस येतोय तर तो ओल्या कागदावर ओल्या रंगानंच आणायचा.

त्यातल्या एकावर काकांचा फार जीव. हा कारागिराचा मुलगा, बाप लहानपणीच गेला, उस्तादाकडं कामाला ठेवला, उस्तादाशी पटलं नाही. पायी पायी उत्तरेकडच्या डोंगरांत गेला, पावसात भिजत चित्रं काढली, नाव व्हायला लागलं, आणि तिशीच्या आत छातीच्या दुखण्यानं गेला. काका हे असं सांगायचे की जणू बेळगावच्या आतेभावाची हकिगत सांगताहेत. नाव सांगायचे, पण ते माझ्या जिभेवर बसलं नाही. घरात सगळे त्याला ‘काकांचा साहेब’ म्हणायचे.

“आज भाजी कुठली करू?” वेणूकाकू विचारायच्या.

“कुठलीही कर की.”

“तुमच्या साहेबाला विचारून सांगा. त्याच्याशिवाय ह्या घरात काही ठरत नाही.”

काकू सोवळ्याच्या कडक. काकांचा ब्रश खारीच्या केसांचा, म्हणून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडं यायचा नाही. रंगाच्या पाण्याचा तांब्या वेगळा. ते पाणी तुळशीकडच्या बाजूला ओतायचं नाही. चित्र काढून उठले की हातपाय धुतल्याशिवाय पाटावर बसायचं नाही. काका सगळं ऐकायचे. पुस्तकात त्यांनी वाचलं, की साहेब लोक शिळ्या पावाचा चुरा घासून रंग पुसत आणि उजेड काढत. घरात पाव आणायची सोय नव्हती. काकांनी भीत भीत विचारलं, तर काकूंनी शिळी जोंधळ्याची भाकरी काढून दिली. “पावापेक्षा ही बरी. आणि उरली तर खा.” भाकरीच्या चुऱ्यानं उजेड छान निघतो असं काका सांगतात. खरं खोटं मला माहीत नाही.

त्यांचा एकच नियम होता, पांढरा रंग डब्यात ठेवायचाच नाही. चित्रात जिथं उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा. आधी फिकट, मग त्याच्यावर गडद. एकदा रंग पडला की खालचा पांढरा पुरता परत येत नाही, त्यामुळे काय काढायचं यापेक्षा काय काढायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. हे मला त्यांनी अनेकदा सांगितलं. दर वेळी मान डोलावली. पण भिंतीवरचं चित्र बघितलं की मला वाटायचं, ह्यांचं अजून थोडं राहिलंय.

दर रविवारी सायकलवरून केलगेरीचं तळं, नाहीतर उणकलचं. विलायती रंगांच्या डब्यात धारवाडची लाल माती नाही म्हणून ती त्यांनी स्वतः केली. शेतातली माती आणायची, पाण्यात कालवून निवळवायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, असं करत करत शेवटी जो गाळ राहील तो वाळवायचा, आणि बाभळीचा डिंक आणि थोडा मध घालून घोटायचा. आमच्या गच्चीवर सांडगे एका बाजूला आणि काकांची माती दुसऱ्या बाजूला वाळत असे. डिंक किती घालायचा हे काही त्यांना कधी पक्कं जमलं नाही. कधी कमी पडायचा, मग वाळल्यावरही बोटाला रंग लागायचा.

हुबळीला एकदा त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. लोक आले, चहा प्यायले, चांगलं आहे म्हणाले. एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, गणपती नाही काढत?” काका म्हणाले, नाही. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडं दयेनं बघितलं. बाकी चित्रं नातेवाइकांना मुंजीत आणि लग्नात दिलेली. कुणाच्या घरी त्यांचे रंग उन्हात उडून गेले, कुणी त्याच खिळ्याला वर कॅलेंडर अडकवलं. एवढंच त्यांचं चित्रकार म्हणून झालेलं नाव.

देवाचं चित्र मात्र त्यांनी कधीच काढलं नाही. वेणूकाकूंनी देवघरासाठी एक मागितलं होतं, कृष्णाचं. काका म्हणाले, “मी बघितलेलं काढतो. तुझा कृष्ण मी बघितला नाही.” काकू रागावल्या नाहीत. “मग बघा की आधी,” एवढंच म्हणाल्या. नास्तिक म्हणावं तर हा माणूस रोज संध्या करतो, गुरुवारी मठात जातो. मला हे कोडं तेव्हाही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांचे डोळे गेले. अगदी आंधळे नाही. ज्याच्याकडं बघतात तेवढंच दिसत नाही, बाजूचं दिसतं. माझ्याशी बोलायचं तर ते माझ्या कानापलीकडं बघतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि मग सांगितलं, की आता आहे तेवढं सांभाळा, गेलेलं परत येणार नाही. सायकल थांबली. रंगाचा डबा कपाटावर गेला.

अशातच आमच्या कॉलनीच्या मठात नवीन सभागृह बांधायला घेतलं. ट्रस्टी बाळकृष्णराव बँकेतून रिटायर झालेले, कामाचे उत्साही. ते घरी आले आणि म्हणाले, “मास्तर, दर्शनी भिंतीला राघवेंद्रस्वामींच्या मंत्रालय क्षेत्राचं चित्र पाहिजे. तुंगभद्रेचा घाट, पहाट, असं काहीतरी. छापील आणायचं तर मिळतं, पण आपल्या माणसाच्या हातचं असावं.”

मला वाटलं, काका नाही म्हणतील. पण ते म्हणाले, “नदी मी बघितलेली आहे. करतो.”

त्यांच्याकडं जाड विलायती कागदाचा एक ताव उरला होता. एका जुन्या विद्यार्थ्यानं तिकडून आणून दिलेल्यातला शेवटचा. तो त्यांनी मला ट्रंकेतून काढायला लावला, पाटावर भिजवून चिकटपट्टीनं ताणून बसवायला लावला. नंतर मला जवळ बसवून सांगितलं, आणि हे सांगताना एकदाही चेष्टेत बोलले नाहीत.

“मधू, हे शेवटचं. ह्याच्यानंतर दिसणार नाही आणि कागदही नाही. एकच मागणं आहे. मी हात काढून घेतला की त्याच्यावर दुसरा हात पडता कामा नये. माझ्या चित्रांवर कॅलेंडरं लागली, चालेल. पण हे एक, मी सोडलं तसं राहू दे.”

“राहील ओ काका. मठात कोण हात लावतंय?”

फाल्गुनात सुरुवात केली आणि चैत्र संपत आला तेव्हा संपवलं. कसं काढलं ते देव जाणे. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कडेनं बघत. रंगाची कुठली वडी कुठं आहे ते बोटांनी चाचपत. मधूनच मला हाक मारायचे, “आभाळ वाळलं का बघ. हाताच्या पाठीनं बघ, बोटानं नको.” मी पदराला हात पुसून हाताची पाठ कागदाजवळ नेऊन गार लागतो का ते सांगायची. गार म्हणजे अजून ओलं. चित्रात वर पहाटेचं आभाळ, निळसर राखाडी. डावीकडून काठाचा उंचवटा खाली उतरलेला, तो सगळा त्यांच्या स्वतःच्या लाल मातीत. घाटाच्या पायऱ्या, एक लहानसं देऊळ. आणि मधोमध, चित्राच्या अर्ध्याहून जास्त जागेत, काहीच नाही. नुसता कागद.

बाळकृष्णराव न्यायला आले आणि चष्मा पुसून पुन्हा बघू लागले.

“मास्तर, नदी राहिली की ओ काढायची.”

“तीच आहे ती.”

“कुठं?”

“तो पांढरा भाग आहे ना, ती.”

“ते कळलं, पण पाणी?”

“सूर्य उगवायच्या आधी पाण्याकडं कधी बघितलंय तुम्ही?”

“मी त्या वेळी अंघोळीला असतो,” बाळकृष्णराव म्हणाले. “हे बघा, मी काही शिकलेला नाही ह्यातलं. पण देवाला अपुरी वस्तू देत नाहीत. उद्या पूजेच्या आचारांनी विचारलं तर मी काय सांगू? थोडा निळा फिरवा की. नाहीतर मधे राघवेंद्रस्वामींच्या समाधीचं वृंदावन काढा, जागा आयती आहे.”

“अपुरी नाही. जास्त झालंय कुठं ते विचारा, सांगतो.”

बाळकृष्णरावांनी माझ्याकडं बघितलं. मलाही देवाला अपुरं दिलेलं आवडलं नसतं, आणि काकांनी मला जवळ बसवून सांगितलेलंही कानात होतं. मी म्हणाले, “काका म्हणतात म्हणजे पुरं असेल.” ‘असेल’ म्हणाले, ‘आहे’ म्हणवलं नाही. शेवटी बाळकृष्णरावांनी मान्य केलं. काकांनी दोनदा बजावलं, की भिंतीवर जाण्याआधी काच बसवा. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात एका फ्रेमवाल्याकडून फ्रेम आणि काच करून घेतली.

सभागृहाचा कार्यक्रम वैशाख शुद्ध दशमीला होता. आमच्याकडं पद्धत अशी, की मठात कुठलीही नवी वस्तू आली, मग ती समई असो, सतरंजी असो की फिरता पंखा, ती आधी रायांच्या, म्हणजे राघवेंद्रस्वामींच्या वृंदावनासमोर आणायची, आचारांनी मंत्र म्हणून तीर्थ शिंपडायचं, आणि मग ती वापरात घ्यायची. मठाचे पुजारी प्रल्हादाचार गेली कित्येक वर्षं हे करताहेत. त्या दिवशी सकाळी बाळकृष्णरावांनी फ्रेमवाल्याच्या माणसाला चित्रावरची काच काढायला सांगितली. “काचेवर तीर्थ पडून उपयोग काय? वस्तूला लागलं पाहिजे. नंतर परत बसव.” मी तिथंच फुलं निवडत होते. मला हे बरोबरच वाटलं. नव्या साडीला सुद्धा घडी मोडूनच कुंकवाचं बोट लावतात. पाण्याचं चित्र पाण्यानं काय होईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि ज्यांच्या आलं असतं ते काका मागं खुर्चीवर बसले होते. गर्दीत त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

चित्र चौरंगावर भिंतीला टेकवून उभं केलं होतं. आचारांनी कलशातलं पाणी तुळशीच्या काडीनं उडवलं. चांगलं भरघोस, हात राखून नाही. थेंब आभाळावर पडले, काठावर पडले. मी हात जोडले. मला खरंच बरं वाटलं, की काकांच्या कामाला एकदाचं तीर्थ लागलं, काकू असत्या तर.

मग थेंब पसरायला लागले. आभाळात जिथं जिथं थेंब होता तिथला रंग मधून निघून कडेला गोळा झाला आणि फिकट ठिपके उमटले, चहाच्या कपाचे असतात तसे. विकतच्या रंगाचं तेवढ्यावर भागलं. पण काठाची ती लाल माती, डिंक कमी पडलेली, ती विरघळली. तिचा एक ओघळ सुटला आणि पायऱ्यांवरून खाली, पांढऱ्यात उतरायला लागला.

बायका बोलायच्या थांबल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, “नदीला पाणी आलं बघा.” दुसरी म्हणाली, “रायांनीच भरली.” तिनं तिथंच नमस्कार केला. तिच्या मागच्या दोघींनीही केला. बाळकृष्णरावांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांना काय झालं ते कळलं होतं.

“मधू,” मागून काकांचा आवाज आला. “सगळे गप्प का झाले?”

मी त्यांच्याजवळ गेले आणि सांगितलं. थोडक्यात सांगितलं. आधी त्यांनी एवढंच विचारलं, “काच कुठं आहे?” मी तेही सांगितलं. ते उठले. मी हात धरून त्यांना पुढं आणलं. लोकांनी वाट दिली. ते चित्रासमोर उभे राहिले, मान वळवून डाव्या डोळ्याच्या कडेनं बघत राहिले, पण ओला थेंब कुठला आणि आपण सोडलेला कागद कुठला हे त्यांना ओळखू येईना. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

“ओलं आहे तोवर टिपता येतं. वाळलं की संपलं. माझा हात धर आणि ने. आधी ओघळ.”

प्रल्हादाचार मधे पडले. आवाज चढवला नाही, उलट समजावून बोलले. “मास्तर, तीर्थ आहे ते. तीर्थ फडक्यानं पुसत नाहीत. तुम्हाला माहीत नाही असं थोडंच आहे?”

काका म्हणाले, “आचारे, ते तुमच्याकडं तीर्थ आहे. माझ्याकडं आल्यावर ते पाणी आहे.”

“असं कसं म्हणता?”

“मधू, ने.”

काकांचा हात माझ्या हातात होता. आजवर मी तळहातावरचं तीर्थ घेतल्यावर हात साडीला कधी पुसला नाही, डोक्यावरूनच फिरवला. लहानपणी एकदा फ्रॉकला पुसला म्हणून आईनं सगळ्यांसमोर धपाटा घातला होता. आणि आता हे इतक्या लोकांसमोर, रायांच्या समोर, तीर्थ पुसायला मी काकांचा हात धरून न्यायचा. नेला नाही तर काकांनी आयुष्यात माझ्याकडं जे एकच मागितलं ते माझ्या डोळ्यांदेखत वाहून जाणार. मनात नुसतं स्तोत्र म्हणत होते, आणि तेही मधेच विसरले.

“मधू, वाळतंय.”

मी हात नेला. ओघळाच्या टोकाशी नेला, कागदाला टेकणार एवढ्यावर. तिथं मी थांबले की ते थांबले, हे मी आजही सांगू शकत नाही.

“कुठं आहे टोक?”

“तुमच्या बोटाच्या खालीच.”

“कुठल्या बाजूला चाललंय?”

“खाली. जरा उजवीकडं वळलंय.”

“आपोआप?”

“होय. मी धक्का नाही दिला.”

“कड कशी आहे? धारदार की पुसट?”

मी वाकले. इतक्या जवळून मी त्यांचं चित्र कधी बघितलं नव्हतं. “वरच्या बाजूला धारदार आहे,” मी म्हणाले. “खाली पुसट. खाली नुसतं पाणी आहे, त्यात थोडी थोडी माती. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेनं वाहतं तसं.”

काकांचं बोट तसंच. सगळा मठ बघत होता. बाळकृष्णराव पुटपुटत होते, की चूक माझी, चूक माझी. आचार डोळे मिटून उभे.

मग काकांनी हात मागं घेतला. उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

“बिडु,” ते कानडीत म्हणाले. असू दे.

“काका, टिपायचं नाही?”

“नको. जाऊ दे जातंय तिथं.” आणि बाळकृष्णरावांचा आवाज जिथून येत होता तिकडं तोंड करून, “आज संध्याकाळच्या आत काच बसवा. अजून कुणाला भक्ती यायच्या आधी.”

कुणीतरी हसलं. आचारही थोडे हसले. आरती झाली.

घरी आल्यावर आमच्या ह्यांचा संताप आवरेना. त्या दिवशी त्यांना तारिहाळच्या कारखान्यात सुटी मिळाली नव्हती, ते संध्याकाळी आले तेव्हा सगळं ऐकलं. “परत आणतो. एक तर शेवटचं चित्र, त्यात असं. आणि वर लोक चमत्कार म्हणून हात जोडताहेत. चुलत्याला नाव नाही, चमत्काराला नाव.”

“संजू, दिलेली वस्तू देवाकडून परत आणत नाहीत,” काका म्हणाले.

“तुम्ही म्हणालात ना, दुसरा हात पडता कामा नये?”

“म्हणालो.”

“मग?”

“कुणाचा हात पडला? आचारांनी काडी हलवली. चित्रावर कुणी हात ठेवला का?”

“शब्दांत धरू नका काका. खराब झालं की नाही ते सांगा.”

काका म्हणाले, “दिसत नाही मला. मधूनं सांगितलं तेवढंच माझ्याकडं आहे. ती म्हणाली, वर धारदार, खाली पुसट. तसं मी साठ वर्षं करायला बघितलं आणि झालं नाही. मी केलं असतं तर दोन्हीकडं धारदार झालं असतं. म्हणून पुसलं नाही. आता ते माझं आहे का, ते मला विचारू नकोस.”

“मग कुणाचं?”

“तेच म्हणतोय, विचारू नकोस.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, की तू तरी सांग. मठातल्या बायकांना राया दिसले. बाळकृष्णरावांना स्वतःची चूक दिसली. ह्यांना नासलेलं चित्र दिसलं. मला चहाच्या कपाचे ठिपके दिसले, आणि एक ओघळ, जो बघवत होता. काकू म्हणाल्या होत्या, मग बघा की आधी. ते आठवलं, पण त्याचा ह्याच्याशी संबंध लावावा का, हे कळेना, म्हणून मी पानं घ्यायला उठले. काका जेवले नाहीत. तसा दुसऱ्या दिवशी उपासच होता. एकादशीचा दिवस ते खुर्चीत बसून होते, दुःखी म्हणावं तर चेहरा तसा नव्हता, बरं म्हणावं तर तसाही नव्हता.

द्वादशीला पहाटे पारणं झालं. मी भांडी आवरत होते तेव्हा काकांनी व्हरांड्यातून हाक मारली. त्यांनी कपाटावरचा रंगाचा डबा चाचपत खाली काढला होता. समोर जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं.

“आचारांनी कशानं शिंपडलं?”

“तुळशीच्या काडीनं.”

“एक आण.”

“काका, आज द्वादशी. आज तुळस तोडत नाहीत.”

“उद्या?”

“उद्या चालेल.”

त्यांनी बोटं गुडघ्यावर वाजवली. “देवापुढची कालची असेल की.”

ती होती. निर्माल्य झालेली, मी ताम्हनात काढून ठेवलेली. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं किंवा झाडाच्या मुळाशी घालायचं. रंगात बुडवायचं असं कुणी सांगितलेलं नाही, बुडवायचं नाही असंही कुणी सांगितलेलं मला आठवेना. मी देवघराशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले. देवानं काही सुचवलं नाही. एक काडी घेऊन आले.

काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर रुंद ब्रशनं आभाळ फिरवलं, थोडं थांबले, काडी पाण्यात बुडवून झटकली.

“काय झालं?”

“सगळं एकात एक गेलं. ठिपका राहिला नाही.”

“लवकर झालं. दुसरा कागद.”

दुसऱ्यावर उशीर झाला, रंग वाळत आला होता. सगळ्या बाजूंनी कड आली, मी तसं सांगितलं. तिसऱ्यावर त्यांनी स्वतःची माती घेतली. कागद हलका, त्याला फुगे आले. माझा स्वयंपाक पडला होता. हे काय चाललंय, बिघडलेलं दुरुस्त करायला शिकताहेत की ते बिघडणंच परत करून बघताहेत, हे मी विचारलं. ते म्हणाले, आधी होऊ तर दे.

चौथ्या कागदावर रंग फिरवून ते थांबले. “बघ, ओलं चमकतंय का?”

मी वाकून, तिरपं होऊन बघितलं. डावीकडं चमकत होतं, उजवीकडं विझत आलं होतं.

“अर्धं,” मी म्हणाले.

“असं अर्धं ओलं असतानाच टाकू?”

“मला काय माहीत ओ काका.”

“मलाही नाही,” ते म्हणाले, आणि काडी झटकली.